एसीएल फाटलेला किशोर खेळाडू: दुखापतीपासून मैदानात परतेपर्यंत घरच्यांनी काय करायचं

उडीवरून खाली येताना, धावता धावता एकदम थांबताना किंवा पाय रोवून दिशा बदलताना गुडघा आतल्या बाजूला वळतो. 'कट्' असा आवाज येतो किंवा आत काहीतरी सुटल्यासारखं वाटतं, आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. किशोरवयीन खेळाडूकडून हे वर्णन ऐकलं की पहिला संशय एसीएलचा घ्यायचा. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या मधोमध तिरकं बांधणारं हे लिगामेंट नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटू देत नाही. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो, म्हणून 'लचकला असेल' असं समजून दिवस वाया जातात. पण इतक्या झपाट्याने आलेली सूज म्हणजे सहसा सांध्यात उतरलेलं रक्त असतं. साध्या लचकेची सूज हळू येते.

हा मजकूर मुख्यतः १२ ते १८ वर्षांच्या, एसीएलचं ऑपरेशन करावं लागलेल्या मुलामुलींच्या घरच्यांसाठी आहे. यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात: गुडघा दुखायचा थांबतो तेव्हा तो खेळायला तयार झालेला नसतो. या दोन टप्प्यांमध्ये कित्येक महिने असतात. त्या महिन्यांत मुलाला व्यायामावर टिकवणं आणि मैदानापासून थोपवणं, ही दोन्ही कामं घरच्यांकडे येतात.

मैदानावर आणि पहिले तीन दिवस

खेळ तिथेच थांबवायचा. दहा-पंधरा मिनिटांत कळ उतरते, मूल उठून उभं राहतं आणि 'आता ठीक आहे' म्हणतं. तरी त्या दिवशी परत मैदानात सोडायचं नाही. एसीएल नसलेल्या गुडघ्यावर पुन्हा पाय रोवला की सांधा निसटतो आणि मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली कुर्चेची गादी, फाटते. लिगामेंट नवं बसवता येतं. गेलेली गादी आणि झिजलेली कुर्चा तशी परत मिळत नाही.

बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, जागेपणी दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज पोटरीपासून वर मांडीकडे गुंडाळा. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा. झोपल्यावर पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवा. शेक, चोळणं, ओढून 'बसवून घेणं' यातलं काहीही नको. त्याने रक्तस्राव वाढतो आणि हाडाचा तुकडा निघालेला असेल तर तो हलतो.

पाऊल थंड किंवा पांढरं पडलं, बधिर झालं, किंवा गुडघा जागचा हललेला दिसत असेल तर एक तासही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेल्या मेनिस्कसचा तुकडा मध्ये अडकलेला असू शकतो. तो वाचवायचा तर थोड्या दिवसांत ऑपरेशन लागतं, म्हणून हाडांच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन स्वस्थ बसू नका.

निदान करताना वाढत्या वयाचा प्रश्न

मोठ्या माणसात थेट एमआरआयकडे वळलं तरी फारसं बिघडत नाही. मुलांमध्ये एक्स-रे आधीच हवा. वाढत्या हाडात कधी कधी लिगामेंट शाबूत राहतं आणि ते नडगीला जिथे चिकटलेलं असतं तिथला हाडाचा कपचा उखडून येतो. त्याचा उपचार वेगळा, आणि तो लवकर करावा लागतो.

पहिल्या दिवशी सुजलेला, ताठरलेला गुडघा तपासून डॉक्टरांना पक्कं सांगता आलं नाही तर त्यात आश्चर्य नाही. सूज उतरू लागल्यावर, साधारण ७ ते १० दिवसांनी, पुन्हा तपासून घ्या. अनुभवी हातांनी नडगी पुढे ओढून केलेली लॅकमन तपासणी एसीएलबद्दल बरंच सांगते. एमआरआय मुख्यतः मेनिस्कस, कुर्चा आणि बाकीची लिगामेंट्स दाखवण्यासाठी उपयोगी पडतो.

मग ग्रोथ प्लेटचा प्रश्न येतो. हाडांची लांबी जिथून वाढते ते कुर्चेचे पट्टे गुडघ्याच्या अगदी वर आणि खाली असतात, आणि नवं लिगामेंट बसवायला पाडायची छिद्रं त्यांच्यातून जाऊ शकतात. हे पट्टे मुलींमध्ये साधारण १४व्या आणि मुलांमध्ये साधारण १६व्या वर्षाच्या आसपास मिटतात. पण वयावर विसंबू नका. त्याच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन वर्षांचा फरक असू शकतो. बरीच वाढ शिल्लक असेल तर हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात आणि त्यानुसार पद्धत निवडतात. चुकीच्या पद्धतीने पाय आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो. म्हणून वाढत्या मुलांचे गुडघे नेहमी हाताळणारा सर्जन शोधा. त्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं तरी जा.

सर्जनला विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या, नाहीतर खोलीत शिरल्यावर निम्मे विसरतात. ग्रोथ प्लेट किती उघडी आहे आणि त्यासाठी छिद्रांत काय बदल करणार? ग्राफ्ट, म्हणजे नवं लिगामेंट म्हणून बसवायचा तंतू, कुठून घेणार? मेनिस्कस शिवणार की कापणार? या वयात आणि या खेळात बाहेरच्या बाजूने जादा आधाराचा टाका घालायची गरज आहे का? पहिले सहा आठवडे किती वजन टाकायचं आणि गुडघा किती वाकवायचा? मैदानात परत पाठवताना कोणत्या चाचण्या बघता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं 'सहा महिन्यांनी' असं आलं तर दुसऱ्या सर्जनचंही मत घ्या.

ग्राफ्ट सहसा त्याच पायातून घेतात: मांडीमागचे हॅमस्ट्रिंगचे तंतू, गुडघ्याच्या वाटीच्या खालचा पट्टा, किंवा वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा, पट्टा. वाटीखालच्या पट्ट्याला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. ते उघड्या ग्रोथ प्लेटमध्ये बसले तर वाढ थांबवतात, म्हणून तो वाढ संपत आलेल्यांसाठीच. मृत दात्याकडून घेतलेला ग्राफ्ट घेतला तर जखम कमी होते आणि सुरुवातीला दुखतंही कमी, पण तरुण खेळाडूंमध्ये तो स्वतःच्या ग्राफ्टपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतो. पर्याय असेल तर या वयात तो टाळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनशिवाय जमेल का, हा प्रश्न रास्त आहे. पोहणं, सायकल, सरळ धावणं एवढंच करायचं असेल, मेनिस्कस शाबूत असेल आणि गुडघा निसटत नसेल, तर कडक व्यायाम आणि नियमित तपासणीवर काही जण चांगले राहतात. पाय रोवून वळण्याचा खेळ खेळायचा असेल तर मात्र वाट बघण्याची किंमत मेनिस्कसला मोजावी लागते. मधल्या काळात गुडघा एकदा जरी निसटला तर सर्जनला लगेच कळवा.

ऑपरेशनआधीचे आठवडे

घाईने उद्याच ऑपरेशन करून घेण्यापेक्षा साधारण तीन ते सहा आठवडे गुडघा तयार करणं बहुतेकांना फायद्याचं ठरतं. सुजलेल्या, न वाकणाऱ्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर आत चिकट ऊती वाढून सांधा आखडतो आणि मग तो सोडवायला दुसरं ऑपरेशन लागतं. अडकलेली मेनिस्कस हा याला अपवाद. ऑपरेशनआधी एवढं साधायचं: सूज जवळपास गेलेली, गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ, वाकवणं १२० अंशांच्या पुढे, पाय सरळ ठेवून उचलताना गुडघा लोंबत नाही, आणि न लंगडता चालणं.

याच काळात फिजिओकडून चांगल्या पायाची ताकद यंत्रावर मोजून आकडा लिहून ठेवा. नऊ महिन्यांनी दोन्ही पायांची तुलना होईल तेव्हा चांगला पायही बसून बसून कमजोर झालेला असेल. त्याच्याशी तुलना केली की दुखरा पाय आहे त्याहून बरा दिसतो. जुना आकडा हाताशी असला की ही फसवणूक होत नाही. फार थोडी कुटुंबं हे करतात.

घराचीही तयारी करा. तळमजल्यावर किंवा बाथरूमजवळ झोपायची सोय, अंघोळीला न घसरणारी खुर्ची, पायात येणारे पायपोस उचललेले. कुबड्या आधीच आणून उंची जुळवून घ्या: बगल आणि कुबडीत दोन-तीन बोटांचं अंतर, वजन तळहातावर, बगलेवर नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. हे ऑपरेशनच्या आधीच चार वेळा करून बघा.

पहिले दोन आठवडे: पाय सरळ, सूज खाली

भुलीसाठी मांडीत नस बधिर केली असेल तर पहिली रात्र फसवी असते. दुखत नाही, म्हणून गोळी टाळली जाते. मग पहाटे भूल उतरते आणि कळ आवरत नाही. भूल उतरण्याआधीच डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सुरू करा, आणि पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून द्या. डोस वजनावर ठरलेला असतो. मोठ्यांच्या डब्यातली गोळी देऊ नका. तीव्र वेदनाशामक दिली असतील तर ती घरच्यांच्या ताब्यात ठेवा आणि उरलेली परत करा. पाय बधिर असेपर्यंत बाथरूमलाही एकटं सोडू नका, मांडी अचानक दगा देते.

या दोन आठवड्यांत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गुडघा पूर्ण सरळ करणं. आणि सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. मुलाला तसं बरं वाटतं, आईवडिलांना माया वाटते, आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडत जातो. उशी टाचेखाली हवी, गुडघ्याखाली नको.

दिवसभराचा क्रम फिजिओने वेगळा सांगितला नसेल तर असा:

१. टाच गुंडाळलेल्या टॉवेलवर, गुडघ्याखाली पोकळी, १० मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा.
२. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद धरून सोडायचा, १० वेळा. वाटी वर मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे.
३. घोटा वर-खाली, जागेपणी दर तासाला २० वेळा, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून.
४. टाच जमिनीवरून घसरत गुडघा वाकवणं, सर्जनने दिलेल्या मर्यादेपर्यंत.
५. पाय सरळ ठेवून उचलणं. गुडघा लोंबत असेल तर अजून उचलायचा नाही. आधी वरचा क्रमांक २चा व्यायाम पक्का करायचा.

मांडी 'ऐकत नाही' ही तक्रार जवळपास प्रत्येक जण करतो. तो आळस नसतो. सांध्यात पाणी साठलं की मज्जासंस्थाच त्या स्नायूला जाणारा हुकूम दाबून टाकते. म्हणून सूज उतरवणं हाही मांडीचाच व्यायाम आहे. फिजिओ स्नायूला विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र सुचवतील. ते जरूर वापरा, पण झटका येताना मुलाने स्वतःही मांडी आवळली पाहिजे.

मेनिस्कस शिवली असेल तर नियम बदलतात. साधारण चार ते सहा आठवडे वजनावर बंधन असतं आणि वजन टाकून ९० अंशांच्या पुढे वाकायचं नसतं. शेजारच्या मुलाने दोन आठवड्यांत कुबड्या सोडल्या असतील, तर त्याचं ऑपरेशन वेगळं होतं हे मुलाला समजावून सांगा.

वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर लागणं नेहमीचं आहे. कातडीची एक बारीक नस चिऱ्यात जाते. पण पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, किंवा दोन दिवसांनंतर ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, जखमेतून पाणी, वाढती लाली आणि वाढतं दुखणं यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी फोन करा. धाप आणि छातीतलं दुखणं असेल तर थेट आपत्कालीन विभागात.

दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

कुबड्या दिवस मोजून सोडायच्या नसतात. गुडघा पूर्ण सरळ होतो, मांडी पकड घेते आणि चाल लंगडी नाही, एवढं जमलं की एक कुबडी सोडायची, मग दुसरी. उरलेली कुबडी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. लवकर सोडून लंगडत चालणारं मूल तीच चाल पुढे महिनोन्‌महिने घेऊन फिरतं.

घरी दोन मोजमापं करा. पहिलं, दर आठवड्याला: मूल पलंगावर पालथं, गुडघ्याच्या खालचे दोन्ही पाय पलंगाबाहेर. दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश. सहाव्या आठवड्यानंतरही दोन-तीन सेंटिमीटर फरक उरला असेल, किंवा आधी सरळ होणारा गुडघा आता होत नसेल आणि पुढे काहीतरी खटकत असेल, तर सर्जनकडे जा. ग्राफ्टच्या पुढ्यात तयार झालेली गाठ हे त्याचं एक कारण असतं, आणि ती व्यायामाने जात नाही. दुसरं मोजमाप: वाटीच्या मध्यावरून गुडघ्याचा घेर, रोज सकाळी त्याच वेळी. आदल्या दिवसापेक्षा एक सेंटिमीटर वाढला तर कालचा व्यायाम जास्त झाला. त्या दिवशी भार निम्मा करा, बंद करू नका.

दुखण्याचाही असाच नियम. शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना दोन-तीनपर्यंत चालतं, ते दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर पहिल्या काही आठवड्यांत मांडीच्या मागे अचानक ओढ लागून चमक येऊ शकते. बहुधा ती तंतू घेतलेल्या जागेची असते. ग्राफ्ट फाटला म्हणून घाबरायचं नाही, फिजिओला सांगायचं.

आता धोक्याचा काळ. आत बसवलेला तंतू सुरुवातीला रक्तपुरवठ्याशिवाय असतो. शरीर त्याच्या पेशी बदलतं, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि या घडामोडीत तो बसवला तेव्हापेक्षा कमजोर होतो. ही कमजोरी ढोबळमानाने दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात जास्त असते. नेमकं याच वेळी सूज गेलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि मूल जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवरून उडी मारतं. तिसऱ्या महिन्यात मित्रांबरोबर 'नुसतं उभं राहून' खेळायची परवानगी मागितली जाईल. उत्तर नाही, आणि कारण त्याच्या भाषेत सांगायचं: आत्ता तुझा गुडघा बाहेरून बरा आहे, आतून सगळ्यात नाजूक आहे.

तिसरा ते नववा महिना: इथे बहुतेक जण सोडून देतात

भेटायला येणारे बंद झालेले असतात, फिजिओकडे जाणं आठवड्यातून एकदावर आलेलं असतं, आणि नेमकी आताच खरी ताकद कमवायची असते. रबरी पट्ट्यांवर आणि घरच्या घरी पाय उचलण्यावर हे महिने काढले तर नवव्या महिन्यात मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ७० टक्क्यांवरच असते. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, जड वजनाचा व्यायाम हवा: लेग प्रेस, स्क्वॉट, पायरीवर चढ-उतार, हॅमस्ट्रिंग कर्ल, पोटरी आणि नितंबाचे स्नायू. तीन-चार सेट, प्रत्येकी ६ ते १२ वेळा, शेवटची दोन करताना कष्ट पडतील एवढं वजन. निम्मे व्यायाम एका पायावर हवेत. दोन्ही पायांवरच्या स्क्वॉटमध्ये चांगला पाय गुपचूप काम उचलतो. गुडघा सरळ करण्याचा लेग एक्स्टेंशनचा व्यायाम पुष्कळ जण भीतीने टाळतात. योग्य वेळी आणि फिजिओने ठरवलेल्या कोनात तो लागतोच, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूला एकट्याने राबवणारा दुसरा चांगला पर्याय नाही.

धावणं साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होतं, तेही अटींवर: सूज नाही, वाकणं-सरळ होणं जवळपास पूर्ण, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ७० टक्के, आणि एका पायावर बसताना गुडघा आत झुकत नाही. सुरुवात सपाट जागी, एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, आठ वेळा, एक दिवस सोडून. मग दोन पायांवर उड्या, मग एका पायावर, मग ठरवून दिशा बदलणं, आणि सगळ्यात शेवटी समोरच्याला बघून ऐनवेळी दिशा बदलणं. हा शेवटचा टप्पा वगळून मैदानात गेलेला खेळाडू चाचणीत उत्तम असतो आणि सामन्यात कच्चा.

खाण्याकडे इथे लक्ष लागतं. सराव थांबल्यावर वजन वाढेल या धास्तीने बरीच मुलं, विशेषतः मुली, जेवण तोडतात. भरून येणाऱ्या शरीराला प्रथिनं हवीत: रोज दर किलो वजनामागे साधारण १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या मुलीला ८० ते १०० ग्रॅम, दिवसाच्या चार खाण्यांत वाटून. पाळी चुकू लागली तर ते कमी खाण्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवा, लोह आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. झोप या वयात ८ ते १० तास.

शाळेत एक पत्र द्या: तास संपण्याआधी पाच मिनिटं बाहेर पडायची परवानगी, पाय लांब करता येईल अशी कडेची जागा, दप्तर उचलायला सोबती, ओल्या फरशीवर एकटं नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला काय चालेल हे फिजिओकडून लिहून घ्या, नाहीतर एखादे उत्साही शिक्षक 'थोडंसं धाव' म्हणतील.

मनाचं दुखणं

ज्या मुलाची ओळखच खेळाडू म्हणून आहे, त्याचा दिवस, मित्र आणि स्वतःबद्दलचं मत हे सगळं एका संध्याकाळी हातातून जातं. पहिल्या आठवड्यांत चिडचिड, रडणं, गप्प बसणं येईल. तेव्हा 'सगळं ठीक होईल' किंवा 'अमक्याने सहा महिन्यांत पुनरागमन केलं' हे सांगू नका. 'हे खरंच वाईट झालं' एवढं म्हणून शेजारी बसा.

रोज विचारायचा प्रश्नही बदला. 'कधी खेळणार?' याचं उत्तर मुलाच्या हातात नाही. 'आज काय जमलं जे गेल्या आठवड्यात जमत नव्हतं?' याचं आहे. व्यायामाची वही मुलानेच लिहावी, वेळही त्यानेच निवडावी. आईवडिलांनी पहारेकरी झालं की तो व्यायाम त्यांचा होतो, मुलाचा राहत नाही. आठवड्यातून एकदा बसून वही एकत्र बघितली तरी पुरतं.

संघाशी नातं तोडू नका. आठवड्यातून एक-दोन सरावांना जाऊ द्या, पण हातात काम देऊन: गुणलेखन, चित्रीकरण, लहानांना शिकवणं. नुसतं बाकावर बसणं काहींना सोसत नाही. त्यांनी काही आठवडे दूर राहायचं ठरवलं तर ते मान्य करा. प्रशिक्षकांशी बोलणं एकाच मोठ्या माणसाने करावं, आणि निवड चाचणी तोंडावर आली तरी तारीख ठरवायचा हक्क वैद्यकीय बाजूकडे राहील हे सुरुवातीलाच सांगून टाकावं. बोलणं मुलावर सोपवलं तर ते प्रशिक्षकांना 'नाही' म्हणू शकत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, खाणं सुटलेलं, कशातच रस नाही, व्यायाम पूर्ण बंद, असं दिसलं तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघाली तर त्याच दिवशी, आणि मुलाला एकटं ठेवू नका. थेट विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

परतायचं कधी

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जसजसं लांबवलं तसतसा दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका सुमारे निम्म्याने घटत गेला. त्याच वर्षीच्या एका मोठ्या संकलनात, २५ वर्षांखालच्या आणि खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी जवळपास चारातल्या एकाला त्या किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा एसीएलची दुखापत झालेली दिसली. म्हणून नऊ महिने ही किमान मर्यादा. किशोरांसाठी, विशेषतः वळणाच्या खेळात, आम्ही बाराव्या महिन्याच्या बाजूने आहोत. एका हंगामापेक्षा दुसरं ऑपरेशन टाळणं मोठं.

महिने भरले तरी चाचण्या पार पडायलाच हव्यात. मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या, आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्याच्याही, किमान ९० टक्के. एका पायावरच्या चार उड्या, म्हणजे लांब उडी, तिहेरी उडी, रेषा ओलांडत तिहेरी उडी आणि सहा मीटर वेळ लावून, या सगळ्यांत ९० टक्के. नुसतं अंतर पुरत नाही. कंबर आणि घोट्याच्या जोरावर गुडघा वाचवूनही लांब उडी मारता येते. मोबाइलवर समोरून आणि बाजूने मंद गतीत चित्रीकरण करा: उतरताना गुडघा आत पडतो का, वाकतो की काठीसारखा ताठ राहतो? सोबत मनाची तयारी मोजणारी एसीएल-आरएसआय प्रश्नावली भरून घ्या. भीती वाटते म्हणणाऱ्या मुलाला ढकलू नका. त्या भीतीचं कारण बहुधा शरीरातच सापडतं.

मग पायऱ्या: एकट्याचा सराव, संघाबरोबर धक्क्याशिवाय, ठरवलेल्या धक्क्यासह, पूर्ण सराव. पूर्ण सरावाचे किमान दोन ते चार आठवडे सूज न येता गेले की सामन्याची १५-२० मिनिटं, मग अर्धा सामना, मग पूर्ण. प्रत्येक सामन्यानंतरच्या सकाळी गुडघ्याचा घेर मोजायचाच. गुडघ्याला बाहेरून आधाराचा पट्टा बांधल्याने धीर येत असेल तर बांधू द्या, पण पट्ट्याने पुन्हा फाटणं टळतं असं धरून चालू नका.

पुन्हा होणाऱ्या दुखापतींपैकी बऱ्याच पहिल्या दोन वर्षांत होतात. तेवढा काळ तरी, आणि खरं तर खेळ चालू आहे तोवर, आठवड्यातून किमान दोनदा १५-२० मिनिटांचा उतरणं, वळणं, तोल आणि ताकद यांचा वॉर्मअप ठेवा. फिफाने तयार करवून घेतलेला '११+' हा त्यातला सहज मिळणारा कार्यक्रम आहे आणि पूर्ण संघालाच तो करायला लावणं सोपं जातं. आठवड्याचा एक ताकदीचा दिवस हंगामातही सुटता कामा नये.

काही मुलं बरी झाल्यावर त्या खेळात परतत नाहीत. तो निर्णय मुलाने घेतला तर वाद घालू नका, पण व्यायाम ९० टक्क्यांच्या आधी थांबवू देऊ नका. एसीएल फाटलेल्या गुडघ्यात पुढे संधिवाताचा धोका जास्त असतो, मेनिस्कस कापली असेल तर आणखी, आणि मांडीची ताकद व आटोक्यातलं वजन या दोनच गोष्टी त्यात हाती उरतात. पोहणं, सायकल, वजनाचा व्यायाम यांतलं जे आवडेल ते आठवड्यातून तीन दिवस, आणि दुखत नसलं तरी पहिली दोन वर्षं सहा महिन्यांनी एकदा सर्जनकडे तपासणी. ग्रोथ प्लेट उघडी असताना ऑपरेशन झालं असेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत त्या तपासणीत दोन्ही पायांची लांबी आणि सरळपणा एक्स-रेवर मोजून घ्या.